इंदूबाईनं उघडलेला पंप

माझ्या हाताखालून इतके फिटर गेले की त्यातले निम्मे आज रस्त्यात भेटले तर मी ओळखणार नाही, आणि उरलेल्यांना ओळख देणार नाही. स्वभावच तसा आहे माझा, त्याला इलाज नाही. पण इंदू गांगुर्डे या बाईनं मला जेवढं छळलं तेवढं दुसऱ्या कुणी छळलं नाही, आणि गप्पांना बसलं की तोंडात नाव येतं तेही तिचंच. बायको म्हणते, "झालं का तुमचं इंदूपुराण सुरू?" झालं. ऐकायचं तर ऐका, नाहीतर टीव्ही लावा.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा कागदाचा कारखाना. मी तिथे मेंटेनन्सचा फोरमन. नाव वसंत आहेर, पण साहेब लोक सोडले तर सगळे नानाच म्हणायचे. कागदाला पाणी लागतं, वाफ लागते, लगदा इकडून तिकडे न्यावा लागतो, म्हणजे जिकडे बघाल तिकडे पंप. एक दिवस ऑफिसातून फोन आला, की नवा फिटर पाठवतोय, पंपांचा चांगला जाणकार आहे. थोड्या वेळानं दारात एक ठेंगणी, काळीसावळी बाई उभी. वेणी घट्ट, पायात सेफ्टी शूज, हातात स्टीलचा डबा. मी मान वर न करता म्हणालो, "स्टोअर मागच्या बाजूला आहे, ताई."

"स्टोअर कशाला?" ती म्हणाली. "मी फिटर हाय. पंप कुठं हायेत?"

आता खरं सांगतो, मला बायकांबद्दल आकस नव्हता. मला नव्या माणसाबद्दलच आकस असतो, मग तो कुणीही असो. पण गडी माणूस असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी पंप दाखवला असता. हिला आठवडाभर बेअरिंग धुवायला बसवलं. तिनं धुतली. आठव्या दिवशी धुतलेल्या ढिगातून तीन बेअरिंग वेगळी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाली, "ही तुम्ही चांगली म्हणून ठेवलीत. फिरवून बघा." फिरवली. तिन्ही खरखरत होती. नवव्या दिवशी तिला पंपावर पाठवलं.

बाई नामपूरची. कांद्याच्या बाजाराला लागून तिच्या वडलांचं दुकान होतं, विहिरीवरची इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचं. "पाढ्यांच्या आधी मी पान्यांचे नंबर शिकले," असं ती सांगायची. पुढे आयटीआय केलं, लग्न होऊन नाशिकला आली. नवरा टेम्पो चालवायचा, शांत माणूस. एरवी इंदूबाईचं बोलणं साधंच, हाय-नायचं. पण डोकं फिरलं की थेट बागलाणातल्या अहिराणीवर जायची. "हाई काय शे?" असं तिनं विचारलं, की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय आणि आता सुटका नाही.

पंप उघडायची तिची एक रीत होती. आधी फ्यूज काढायचे आणि ते स्वतःच्या ताब्यात ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कुणी नकळत बटण दाबून पंप चालू करायला नको. मग गळ्यातलं मंगळसूत्र काढायचं, कारण फिरत्या शाफ्टला लोंबणारी वस्तू चालत नाही. ही दोन्ही जायची तिच्या जेवणाच्या डब्यात. एका कप्प्यात फ्यूज, दुसऱ्यात मंगळसूत्र. कँटीनमधल्या बायकांत कुजबूज सुरू झाली. एकीनं तोंडावर विचारलंच, "अगं, नवरा जिताजागता असताना गळा मोकळा ठेवतेस?"

"नवऱ्यालाच इचार ना," इंदूबाई म्हणाली. "त्याला बायको पाहिजे का मंगळसूत्र पाहिजे ते."

त्यानंतर कुजबूज बंद झाली. निदान तिच्यासमोर तरी.

मग जमिनीवर एक जुनी धुतलेली चादर अंथरायची. पंपातून जो भाग आधी निघेल तो डाव्या टोकाला, त्यानंतरचा त्याच्या शेजारी, असं करत करत शेवटचा नट उजव्या टोकाला. प्रत्येकावर खडूनं आकडा. जोडताना उजवीकडून सुरुवात. एवढी साधी गोष्ट. पण ती चादर ओलांडायची नाही, तिच्यावरची वस्तू हलवायची नाही, हा नियम कारखान्यात सगळ्यांना लागू होता. एकदा वरचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन फिरत आले. त्यांनी एक इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, हौसेनं उचललं, पाहुण्यांना दाखवलं आणि भलतीकडेच ठेवलं. इंदूबाई उकिडवी बसली होती, तिथूनच म्हणाली, "साहेब, जिथून उचललं तिथं ठेवा." साहेबांनी निमूट वाकून चाक जागेवर ठेवलं, वर "सॉरी" म्हणाले. हात्तिच्या! मी एवढी वर्षं नोकरी केली, मला कधी कुणी सॉरी म्हटलं नाही.

आणि मापं. "मला नका इचारू, मापाला इचारा," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी शाफ्टवर बोट फिरवून म्हणायचो, ठीक आहे, चालेल. ती माझं बोट बाजूला करायची आणि मायक्रोमीटर लावायची. पुष्कळदा माझं बोट बरोबर निघायचं. ती माप वहीत लिहायची आणि वर म्हणायची, "बोट बरोबर होतं नाना, पण बोट वहीत लिहिता येत नाय." चिडायचो मी. चिडून उपयोग काय?

एकदा लगद्याचा एक भलामोठा पंप आम्ही दिवसभर खपून जोडला. मी, ती आणि आणखी दोघे. संध्याकाळी चादर उचलली तर खाली एक वायसर. आता यंत्र जोडल्यावर एखादा वायसर उरणं ही फिटर लोकांत थट्टेचीच गोष्ट. एकजण म्हणाला, "कंपनीनं जास्तीचा दिला असेल." सगळे हसले. इंदूबाई हसली नाही. तिनं चादर परत अंथरली.

"अगं, पाच वाजले," मी म्हणालो. "वायसरच तो!"

"कुठला हाय ते सांगा, मग जाते घरी."

कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पंप पुन्हा उघडला. सगळे वायसर जागच्या जागी. एकही कमी नाही. शेवटी दुपारी मी चहाला बाहेर गेलो, स्कूटरची किक मारली, तेव्हा किकपाशी काहीतरी खुळखुळलं. तो वायसर माझ्या स्कूटरचा होता, आदल्या दिवशी बदलायला काढून खिशात ठेवलेला, खिशातून पडलेला. मी परत येऊन तोंड वाकडं करून सांगितलं. वाटलं, आता हिला तरी लाज वाटेल, सगळ्यांचा दिवस फुकट घालवला. छे! बाई खूष. "बरं झालं," म्हणाली, "आता आत काय नाय हे नक्की झालं." आणि शांतपणे डबा उघडून मंगळसूत्र गळ्यात घातलं.

ग्लँडचा किस्सा तर अजून लोक सांगतात. पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे सुंभासारखं पॅकिंग भरतात आणि वरून ग्लँड नावाची चकती आवळतात. तिथून थेंब थेंब पाणी पडत राहिलं पाहिजे, त्या पाण्यानंच पॅकिंग गार राहतं. पण नव्या माणसाला वाटतं, पंप गळतोय. आमच्याकडे माल घेणाऱ्या एका कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. तेव्हाच्या मॅनेजरनी भिंतीवर पाटी लावली, 'गळती शून्य', आणि कुणाला तरी सांगून सगळ्या ग्लँड कचकचून आवळून घेतल्या. फरशी कोरडी ठणठणीत. पाहुणे आले, पांढरे शर्ट, हातात पॅड. आणि त्यांच्या देखत इंदूबाई पाना घेऊन पुढे झाली आणि एकेक ग्लँड सैल करत सुटली. टप टप टप. मॅनेजरचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "हे काय? चांगलं होतं ते खराब का करताय?"

"साहेब, इथं हात आणा," ती म्हणाली. "जवळ आणा. लावू नका, पोळंल." त्यानं हात जवळ नेला आणि पटकन मागं घेतला. "हे कोरडं ठेवल्यानं झालं. आणखी तासभर असंच चाललं असतं तर शाफ्टवर चर पडला असता. थेंब पडू द्यायचा. पाटी पाहिजे तर काढा."

पाटी काढली. प्रत्येक पंपाखाली एकेक स्टीलचा ट्रे आला. पाहुण्यांनी शेरा चांगला दिला म्हणून बाई वाचली, नाहीतर तेव्हाच गेली असती. मी तिला म्हणालो, "पाहुणे जाईपर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?" तर म्हणाली, "पाहुणे जाईपर्यंत शाफ्ट थांबला असता का?"

हे सगळं झालं गमतीचं. आता जे सांगतो ते गमतीचं नाही.

दरवर्षी दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद असायचा आणि त्या आठ दिवसांत बॉयलर, म्हणजे वाफेची भट्टी, आणि त्याला पाणी देणारे दोन पंप उघडून तपासायचे. एक पंप चालतो, दुसरा राखीव असतो. चालता पंप बंद पडला तर राखीव लगेच चालू झालाच पाहिजे, कारण बॉयलरमध्ये आग पेटलेली असताना पाणी थांबलं तर काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की बॉयलरवर शिवराम भोये नावाचा माणूस असायचा, हरसूलकडचा, आणि तो त्या भट्टीपासून चार पावलांवर उभा राहून काम करायचा.

त्या वर्षी मॅनेजर नवीन होते. मोठी ऑर्डर होती. आठ दिवसांचे चार दिवस झाले. बॉयलर झाला, पहिला पंप झाला, राखीव पंपाला वेळ उरला नाही. मॅनेजर म्हणाले, राहू दे, वर्षभरात तो फारसा चाललेलाच नाही. ठीक. पण तपासणीच्या कागदावर छापलेलं होतं, 'उघडून तपासला व पुन्हा जोडला', आणि खाली फिटरची सही. तो कागद भरल्याशिवाय सोमवारी बॉयलर पेटवता येत नव्हता. शुक्रवारी सकाळी त्यांनी इंदूबाईला ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होतो.

"गांगुर्डेबाई, सही करा."

तिनं कागद वाचला. "साहेब, हा उघडला नाय."

"चालवून बघितला ना काल? आवाज चांगला, थरथर नाही, प्रेशर बरोबर."

"चांगलाच असंल. मी वाईट हाय असं म्हणत नाय."

"मग अडचण काय आहे?"

"इथं लिवलंय, उघडून तपासला. मी उघडला नाय."

"अहो, फॉर्मची भाषा आहे ती!"

"मग भाषा बदला. बाहेरून पाहिला, असं लिवा. आत्ता सही करते."

"ते इन्स्पेक्शनला चालत नाही."

"मग मलाबी चालत नाय."

मॅनेजर काही वाईट माणूस नव्हते. वरून त्यांच्या डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं, ते आमच्या डोक्यावर बसले होते. त्यांनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग म्हणाले की फोरमनची सही पण चालते, तुम्ही घरी जा, दिवाळी करा. ती उठली, "बरं" म्हणाली आणि गेली. मॅनेजरनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी सही केली.

काय लपवायचं आता? सही म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं. उद्या काही झालं तर पोलीस आधी सही करणाऱ्याच्या दारात येतात. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आवाज खरंच चांगला होता, आणि माझ्या बोटानं सांगितलं, चालेल. बाहेर आलो तर भोये उभा. म्हणाला, "नाना, बाईनं पाह्यला का तो पंप?"

"मी पाहिलाय," मी म्हणालो.

"आतून?"

"तू तुझी आग सांभाळ रे! पंपाचं मी बघतो," मी त्याच्यावर खेकसलो. तो गेला.

संध्याकाळी इंदूबाई विसरलेला डबा न्यायला परत आली. मेंटेनन्सच्या फळ्यावर तो कागद टाचलेला होता. तिच्या जागी माझी सही. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, आता टोमणा मारणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती फक्त म्हणाली, "येते नाना."

शनिवारी सकाळी मी सफाईच्या लोकांवर लक्ष ठेवायला म्हणून गेलो, तर बॉयलरच्या खोलीत चादर अंथरलेली. राखीव पंपाचे लांब बोल्ट निघालेले, बेअरिंग निघालेली, इंदूबाई बाहीनं घाम पुसत उभी आणि भोये चेनपुली ओढतोय.

"कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलोच.

"कुणी नाय."

"साहेबांनी घरी जा म्हटलं होतं ना?"

"गेले होते की. सकाळी आले."

"अगं बाई, कागद झालाय! मी सही केलीय त्याच्यावर!"

"माहितीय," ती म्हणाली. "दिवा धरा जरा. इकडं."

आता तुम्हीच सांगा. तिची सुटका झालेली होती. तिनं सही केली नव्हती, तिचे हात स्वच्छ, तिला कुणी काही विचारणार नव्हतं. घरी फराळ करायचा सोडून, परवानगी नसताना, कंपनीचं यंत्र उघडून बसायची तिला काय गरज होती? मी मनात म्हणालो, खुमखुमी. मला खोटं पाडायचंय हिला. संतापानं माझे कान तापले. पण पंप उघडा पडलेला आणि फोरमन हात बांधून उभा, हे काही जमेना. मी दिवा धरला. चुकीच्या बाजूनं धरला म्हणून "हाई काय शे?" पण ऐकून घेतलं.

त्या पंपात एकामागे एक सहा टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यात एक चाक. एकेक टप्पा ओढून काढायचा, गरम पाण्याचा चुना खरवडायचा, चाकाच्या कडेला आणि त्याभोवतीच्या कड्याला किती फट आहे ती मोजायची. इंदूबाई माप बोलत गेली, मी वहीत लिहीत गेलो. पहिलं मापात. दुसरं मापात. शाफ्ट दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवून हळूहळू फिरवला आणि वर डायल गेज लावलं, कुठे वाकलाय का बघायला. काटा जेमतेम हलला. शेवटी ती मोठी चकती, जी सगळा दाब पेलते, तिच्यावरून तिनं बोट फिरवलं, तिरक्या उजेडात बघितलं, मग मायक्रोमीटर लावला. मी वाट बघत होतो. देवा शप्पथ सांगतो, मनात कुठेतरी वाटत होतं की काहीतरी सापडावं. तडा निघावा, चर निघावा, म्हणजे या सगळ्या खटाटोपाला अर्थ येईल. आणि त्याच वेळी वाटत होतं, सापडू नये, कारण सही माझी होती.

काही सापडलं नाही. सगळा पंप ठणठणीत.

रविवारी नवी रबरी कडी घालून उजवीकडून जोडत आलो. शेवटचे बोल्ट तिनं समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, म्हणजे एकीकडे झुकायला नको. शाफ्ट हातानं फिरवून बघितला, मोकळा फिरला. मोटर आणि पंप एका रेषेत आणायला मी डायल गेज लावत होतो, तेवढ्यात मॅनेजर आले. त्यांना कुणीतरी कळवलं होतं. दारातच थबकले.

"मिळालं काही?" त्यांनी विचारलं.

"मिळालं," इंदूबाई म्हणाली. "पंप चांगला हाय, हे मिळालं."

"म्हणजे मी बरोबर होतो."

"तुमचा अंदाज बरोबर होता."

मॅनेजर लाल झाले. म्हणाले, "आता तरी कागदावर सही करा, एवढी हौस होती ना?"

ती हात पुसत होती. "माझी कशाला?" ती म्हणाली. "नानांची हाय की. आता ऱ्हाऊ द्या तीच."

भर खोलीत, भोयेसमोर, मॅनेजरसमोर. मला कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. दोन दिवस हिच्याबरोबर जमिनीवर बसून खपलो आणि शेवटी हा टोमणा! मी हातातला पाना टाकला आणि निघून आलो. त्यानंतर कामापुरतंसुद्धा तिच्याशी बोललो नाही.

सोमवारी भोयेनं बॉयलर पेटवला. पंप चालला. मंगळवारी इंदूबाईच्या हातात नोटीस पडली, हुकूम मोडून विनापरवाना यंत्र उघडल्याची. चौकशी बसली. मला साक्षीला बोलावलं. विचारलं, "उघडायची गरज होती का?" मी म्हणालो, "पंप चांगलाच निघाला." खोटं नव्हतं ते. पण कुणाच्या बाजूचं होतं ते तिलाही कळलं आणि मलाही. ती माझ्याकडे बघून किंचित मान हलवून हसली. ते हसणं मला कुत्सित वाटलं. तेव्हा वाटलं.

चौकशीतून एवढंच निघालं, की पंपाला हात लावायचा नाही, स्टोअरमध्ये बसायचं. मॅनेजर तिला एकटीला म्हणाले, दोन ओळी माफीच्या लिहून द्या, महिन्याभरात परत पंपावर घेतो. ती म्हणाली, "माझी चूक तुम्ही लिवून द्या, तिच्याखाली माफी मी लिवते." त्यांना ती चूक काही लिहिता आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला. रडली नाही, कुणाला भेटली नाही. भोये मात्र गेटपर्यंत गेला होता म्हणे तिला सोडायला, कामाच्या वेळेत, आग दुसऱ्यावर सोपवून. त्याची त्या वेळेची हजेरी मी कापली नाही. तेवढंच केलं मी.

मी निवृत्त झालो. राग माझा टिकतो, पण पोसायला कुणी लागतं. घरी बसल्यावर तो आपोआप विरला आणि खाली काय उरलं ते दिसायला लागलं. ती सही. मी न बघता केलेली. नोटीस आली ती तिला, कारण तिनं बघितलं. रात्रंदिवस डोक्यात तेच.

परवा द्वारका चौकात अडकलो होतो. तिथे काही नवीन नाही, सगळं शहर तिथे अडकतं. माझ्या स्कूटरशेजारी एक टेम्पो येऊन थांबला, मागे दोरांनी बांधलेला पंप. नवरा चालवत होता आणि शेजारी इंदूबाई, मांडीवर वही. केस पिकलेत. मला बघून ओरडली, "नाना! लय वाळले तुम्ही!"

आता स्वतःचं काम करते. कारखानेवाले पंप पाठवतात, ही उघडते. मी बरं-बरं म्हणालो, पण माझं लक्ष नव्हतं. पुढचे हलतील आणि ही जाईल, या भीतीनं मी एकदम बोलून टाकलं, "इंदूबाई, तेव्हा मी न बघता सही केली. चुकलं माझं."

"आता काय त्याचं?" ती म्हणाली. "म्हणून तर उघडला ना."

"म्हणून म्हणजे?"

"सही तुमची होती, नाना. काय झालं असतं तर तुम्हाला नेलं असतं. मला कोण इचारणार होतं? मी तर केलीच नव्हती." ती वही मिटत, भाजी महाग झाली म्हणावं तसं सांगत होती. "म्हटलं, मागच्या तारखेनं का होईना, खरी तर होऊ द्या. म्हणून तर साहेबाला म्हटलं, ऱ्हाऊ द्या तीच."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस? चौकशीत तरी?"

"तुमचा स्वभाव मला माहीत नाय का? तुम्ही त्याच पावली साहेबाशी भांडायला गेला असता. मग दोघांना नोटीस. तुमची दोन वर्षं ऱ्हायली होती." तिनं पुढे बघितलं. "चला, सुटलं वाटतं. तब्येतीला जपा."

टेम्पो मुंबई नाक्याच्या बाजूला वळला. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी स्कूटर चालू करायची विसरून तिथेच उभा. एक रिक्षावाला रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ काका, झोपले का?"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उलट बोललो नाही.